ब्राउझर कोणी निवडला?

"सर्वांत चांगला ब्राउझर कोणता?" हा प्रश्न नोकरीच्या काळात मला वेगवेगळ्या गावी आणि वेगवेगळ्या माणसांनी विचारला आहे. मी संगणकतज्ज्ञ नव्हे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि केंद्र सरकारचा नोकर. परंतु संगणकांची खरेदी, निविदा आणि 'ई-गव्हर्नन्स'च्या बैठका या निमित्ताने त्या विषयाच्या फायली माझ्या टेबलावरून बऱ्याच गेल्या, म्हणून लोक विचारतात. या प्रश्नाचे उत्तर देण्याची एक रूढ पद्धत आहे. वेग, सुरक्षितता, सोय असे रकाने आखायचे, गुण द्यायचे आणि बेरीज करायची. असे तक्ते मी पुष्कळ वाचले आहेत. मात्र गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर तक्ता वाचून ब्राउझर निवडणारी माणसे अगदी थोडी दिसतात. इतरांसाठी तो दुसऱ्याच कोणीतरी आधी निवडून ठेवलेला होता. कधी संगणक बनवणाऱ्या कंपनीने, कधी एखाद्या वृत्तपत्राच्या फाँटने, आणि आपल्या देशात पुष्कळदा निविदेच्या अटी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने.

'ब्राउझर'ला मराठीत 'न्याहाळक' म्हणावे असा आग्रह वीस वर्षांपूर्वी आंतरजालावरच्या मराठी मंडळींनी धरला होता. शब्द मला आवडतो, पण तो फारसा रुजला नाही. त्यामुळे इथे ब्राउझरच म्हणतो.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने आपली वेबप्रणाली सर्वांसाठी खुली केली. स्वामित्वशुल्क नाही, परवाना नाही. प्रशासकीय निर्णयांच्या इतिहासात हा कागद फार मोलाचा आहे असे मी मानतो. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणककेंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझेक' तयार केला. मजकूर आणि चित्र एकाच पानावर दाखवणारा आणि साध्या माणसाला हाताळता येणारा हा ब्राउझर होता. पुढे अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्याबरोबर नेटस्केप कंपनी काढली आणि डिसेंबर १९९४ मध्ये 'नेव्हिगेटर' बाजारात आणला.

यानंतरचा ऑगस्ट १९९५ चा एक पंधरवडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ९ तारखेला नेटस्केपचे समभाग बाजारात आले. २८ डॉलरला विकलेला समभाग पहिल्या दिवशी ५८ डॉलरच्या वर बंद झाला. १५ तारखेला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आणि २४ तारखेला मायक्रोसॉफ्टचे 'विंडोज ९५' आले. त्याच्या जोडीला 'प्लस' नावाचा एक जादा संच विकला जाई, त्यात इंटरनेट एक्सप्लोररची पहिली आवृत्ती होती. म्हणजे भारतीय माणूस आंतरजालाच्या दारात उभा राहिला, तेव्हाच आत कोणत्या वाहनाने जायचे याचे भांडण जुंपले होते.

अर्थात आपल्यापैकी बहुतेकांना त्या भांडणाचा पत्ताही नव्हता. विदेश संचार निगमची स्वस्त जोडणी 'शेल' खात्याची असे. त्यात पडद्यावर नुसता मजकूर दिसे, चित्र नाही. त्यासाठी 'लिंक्स' नावाचा कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला ब्राउझर वापरावा लागे. नेटस्केप चालवायचा तर त्याहून कितीतरी महाग असलेली टीसीपी/आयपी जोडणी घ्यावी लागे. त्या काळी नोकरीत नवे असणाऱ्या माझ्यासारख्यांचा प्रश्न पगाराने सोडवून ठेवला होता. लिंक्सविषयी मात्र माझ्या मनात कृतज्ञता आहे. जाहिरात नाही, चित्र नाही, हळू टेलिफोनवरही भराभर चाले. आणि दृष्टिहीन वाचकांना त्याचा मजकूर यंत्राकडून वाचून घेणे सोपे जाई. 'चांगला ब्राउझर' या शब्दांचा अर्थ वापरणाऱ्यावर किती अवलंबून असतो हे तिथेच दिसले होते.

आता त्या भांडणाकडे वळू. एक्सप्लोररची सुरुवात मायक्रोसॉफ्टने स्वतः केली नव्हती. इलिनॉय विद्यापीठाचे मोझेक व्यापारी तत्त्वावर देण्याचे हक्क 'स्पायग्लास' नावाच्या छोट्या कंपनीकडे होते, तिच्याकडून मायक्रोसॉफ्टने परवाना घेतला. मोबदल्यात ठरावीक रक्कम आणि विक्रीवर स्वामित्वशुल्क, असा व्यवहार होता. पुढे मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर फुकट वाटायला सुरुवात केली. विक्रीच नाही तर शुल्क कशावर? वाद वाढला आणि १९९७ साली ८० लाख डॉलर देऊन तो मिटवण्यात आला. करारात 'विक्री' हा शब्द लिहिताना शून्य किमतीचा विचार करावा, हे करार तपासणाऱ्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी या उदाहरणाने सांगत आलो आहे.

फुकट वाटण्यापेक्षाही परिणामकारक युक्ती दुसरी होती. विंडोज बसवलेल्या प्रत्येक नव्या संगणकावर एक्सप्लोररचे चिन्ह आधीच असे आणि संगणक बनवणाऱ्या कंपनीला ते काढण्याची मुभा नसे. नेटस्केप हवा असेल तर तो वेगळा उतरवून घ्यावा लागे. त्या काळच्या टेलिफोन जोडणीवर हे काम तासांचे होते. मधेच लाईन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. जे समोर आहे ते माणूस वापरतो, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. किराणा दुकानदारही मालाची मांडणी याच हिशेबाने करतो.

अमेरिकेच्या न्यायखात्याने आणि वीस राज्यांनी १८ मे १९९८ रोजी मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. न्यायमूर्ती थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये वस्तुस्थितीचे निष्कर्ष कंपनीच्या विरुद्ध दिले आणि जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश काढला. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने मक्तेदारीचा ठपका बहुतांशी कायम ठेवला, पण विभाजनाचा आदेश रद्द केला. पुढे तडजोड झाली. एव्हाना नेटस्केप अमेरिका ऑनलाइनच्या पोटात गेले होते. न्याय मिळाला, पण फिर्यादी पक्षाचा माल बाजारातून उठून गेल्यावर मिळाला. तंत्रज्ञानाच्या बाजारात नियामक यंत्रणा धावते आणि गाडी सुटलेली असते, हा अनुभव पुढेही अनेकदा यायचा होता.

या प्रकरणात ग्राहकाचे नुकसान काय झाले? आम्ही एम.ए.ला मक्तेदारीचे दुष्परिणाम शिकलो ते किमतीच्या भाषेत. मक्तेदार उत्पादन कमी करतो आणि किंमत वाढवतो. इथे किंमत शून्य होती आणि शून्यच राहिली. नुकसान दिसते ते तारखांमध्ये. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला ऑगस्ट २००१ मध्ये, आणि त्यापुढची सातवी आवृत्ती आली ऑक्टोबर २००६ मध्ये. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक जे साधन वापरत होते ते पाच वर्षे जवळजवळ आहे तसे राहिले. याच पाच वर्षांत आंतरजालावर बँका आल्या, रेल्वेचे आरक्षण आले, आणि त्यांच्या मागोमाग चोरही आले.

मराठी वाचकासाठी या काळाला आणखी एक बाजू होती. तिची नोंद इंग्रजी ग्रंथांत सापडणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

त्या वर्षांत माझी नेमणूक ईशान्य भारतात होती. मराठी वर्तमानपत्र टपालाने यायचे ते शिळे होऊन. सायबर कॅफेत जाऊन पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे वाचणे हा रविवारचा कार्यक्रम असे. वृत्तपत्रांची संकेतस्थळे तेव्हा युनिकोडमध्ये नव्हती. प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट वेगळा आणि अक्षरांचे सांकेतिक क्रमांकही वेगळे. वाचकाच्या संगणकावर तो फाँट नसणार हे उघड होते, म्हणून 'डायनॅमिक फाँट'ची सोय निघाली. पान उघडले की फाँट आपोआप येई. पण ही सोय मायक्रोसॉफ्टने एका पद्धतीने केली आणि नेटस्केपने दुसऱ्या. बाजार एक्सप्लोररकडे गेल्यावर संकेतस्थळांनी पहिलीच पद्धत ठेवली. मोझिलाच्या नव्या ब्राउझरांनी तर नेटस्केपची जुनी पद्धत सोडूनही दिली. परिणाम असा की एक्सप्लोररमध्ये अग्रलेख स्वच्छ वाचता येई, आणि इतर कोणत्याही ब्राउझरमध्ये तोच अग्रलेख रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र चिन्हे यांची भेळ होऊन येई. कॅफेवाल्या मुलाला एकदा वाटले की मी संगणक बिघडवला.

ज्यांना गावाकडची खबर हवी होती त्यांच्यासाठी सर्वांत चांगला ब्राउझर कोणता हे अशा रीतीने ठरून गेले होते. वेग, सुरक्षितता हे रकाने तिथे गैरलागू होते.

यातून सुटका केली ती युनिकोडने. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आपल्याच भारतीय मानक संकेतावर, म्हणजे १९८८ च्या 'इस्की'वर बेतलेली आहे. म्हणजे पाया आपल्याकडेच घातला गेला होता. परंतु मानक असणे वेगळे आणि ते पडद्यावर उमटणे वेगळे. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फाँट आला. विंडोज एक्सपीमध्ये मात्र देवनागरी नीट दिसण्यासाठी 'जटिल लिप्यां'च्या पर्यायावर खूण करावी लागे, आणि खूण केली की यंत्र मूळ सीडी मागे. सायबर कॅफेत सीडी कुठली? फायरफॉक्सची तऱ्हा आणखी निराळी. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वी, परिच्छेदाच्या दोन्ही कडा सरळ केलेल्या असल्या की त्यात देवनागरी मोडून पडे. जोडाक्षरे सुटी होत आणि वेलांट्या भरकटत. मनोगतसारख्या संकेतस्थळांनी २००४ पासून ब्राउझरच्या खिडकीतच थेट युनिकोड मराठी लिहिण्याची सोय दिली, तेव्हा परदेशी आणि परप्रांती राहणाऱ्या कितीतरी लोकांनी शाळा सुटल्यानंतर प्रथमच मराठीत चार ओळी लिहिल्या. मीही त्यांतलाच. आज फायरफॉक्स आणि क्रोम हे दोन्ही ब्राउझर देवनागरी जुळवण्यासाठी 'हर्फबझ' हे एकच मुक्त साधन वापरतात. हे नाव फारसी आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाज' म्हणजे खुले. त्याचे प्रमुख कर्ते बेहदाद इस्फहबोद हे मूळचे इराणचे. मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांची वळणे वेगळी ठेवायची सोयही फाँटमध्ये असते. संकेतस्थळाने 'हे पान मराठी आहे' एवढे सांगितले की ती वापरात येते. पुष्कळ शासकीय संकेतस्थळे अजून तेवढे सांगत नाहीत.

फायरफॉक्सचा उल्लेख आला आहे तर त्याची कथा थोडक्यात सांगतो. नेटस्केपने मार्च १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली जगाला खुली केली. त्यातून मोझिला प्रकल्प, जुलै २००३ मध्ये मोझिला फाउंडेशन आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती. एकाच खिडकीत अनेक पाने उघडणारे 'टॅब', अचानक उसळणाऱ्या जाहिरातींना अटकाव, आणि कोणालाही नवी जोड लिहिता येईल अशी रचना. डिसेंबर २००४ मध्ये सुमारे दहा हजार लोकांनी वर्गणी काढून 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन पानी जाहिरात दिली, आणि तीत वर्गणीदारांची नावे छापली. गणेशोत्सवाच्या अहवालाची आठवण व्हावी असा प्रकार. भारतीय स्वयंसेवकांनी 'पद्मा' नावाची एक जोड केली होती, ती वृत्तपत्रांच्या खाजगी फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवे. तक्ता वाचून ब्राउझर निवडणाऱ्यांचा काळ असलाच तर तो हाच, २००४ ते २००८.

पण तो घरच्या संगणकापुरता. कचेरीत चित्र वेगळे होते. त्या दशकातील शासकीय संकेतस्थळांच्या तळाशी एक ओळ हमखास असे: हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररच्या अमुक आवृत्तीत आणि पडद्याच्या अमुक मापात उत्तम दिसते. ही ओळ मी शेकड्यांनी पाहिली आहे. ती कोणाच्या आदेशाने आली असे शोधू गेल्यास आदेश सापडत नाही. कंत्राटदाराकडे जे यंत्र होते त्यावर त्याने चाचणी घेतली. खात्याच्या यंत्रावर तोच ब्राउझर असल्याने स्वीकृतीची सहीही झाली. धोरण म्हणून कोणी ठरवले नाही, आणि म्हणूनच ते बदलायला कोणाला सापडले नाही.

पुढे यात डिजिटल स्वाक्षरीची भर पडली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० याने डिजिटल स्वाक्षरीला कायद्याची मान्यता दिली. ही सही बाळगायची ती एका छोट्या यूएसबी टोकनमध्ये. परंतु ब्राउझरला स्वतःहून त्या टोकनपर्यंत पोचता येत नाही, मध्ये मदतनीस लागतो. एक्सप्लोररमध्ये तो 'ॲक्टिव्हएक्स' या नावाने येई, इतरत्र जावा ॲप्लेटच्या रूपाने. सुरक्षिततेच्या कारणावरून जगाने हे दोन्ही मदतनीस हळूहळू बाद केले. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावाचा दरवाजा बंद केला. आमच्या इथे निविदा उघडण्याचे काम मात्र त्याच दरवाजातून चालत होते. मी ज्या एका कार्यालयात होतो तिथे कोपऱ्यात 'टेंडरचा संगणक' होता. त्यावर 'अपडेट करू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली. लहान पुरवठादारांची अडचण मोठी होती. एका तालुक्याच्या गावचा छपाईवाला माझ्यासमोर बसून सांगत होता की, "साहेब, दर भरायला अर्धा तास लागतो, पण सही उमटवायला दोन दिवस गेले आणि मुदत टळली." त्याचा दर किती होता हे आम्हाला कधीच कळले नाही. स्पर्धा कमी झाली की सरकारी खरेदी महाग होते. ब्राउझरची अट ही अशा रीतीने सरकारी खर्चाची बाब असते, पण कोणत्याही लेखाशीर्षाखाली ती दिसत नाही.

हाच प्रकार कायद्यानेच घडवून आणलेला देश म्हणजे दक्षिण कोरिया. १९९० च्या दशकात अमेरिकेने सशक्त कूटलेखनाच्या निर्यातीवर बंधने घातली होती. परदेशी जाणाऱ्या ब्राउझरांत दुर्बल कुलूप असे. कोरियाने १९९८ साली 'सीड' नावाचे स्वतःचे कुलूप तयार केले, आणि १९९९ च्या कायद्याने अधिकृत प्रमाणपत्रांची पद्धत आणली. निर्णय स्वावलंबनाचा होता आणि त्या वेळी रास्तच होता. परंतु ते कुलूप ब्राउझरमध्ये नव्हते, म्हणून ॲक्टिव्हएक्सच्या जोडीने बसवावे लागले. ॲक्टिव्हएक्स फक्त एक्सप्लोररमध्ये चाले. २००० साली अमेरिकेने निर्यातबंधने सैल केली आणि मूळ कारण संपले. नियम मात्र उरला. जगातील अतिवेगवान इंटरनेट असलेल्या देशातील नागरिक पुढे कित्येक वर्षे बँकेच्या कामासाठी एकाच अमेरिकी कंपनीच्या ब्राउझरला बांधून राहिले. शेवटी २०१४ साली एका दूरचित्रवाणी मालिकेतील नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना कोरियन संकेतस्थळांवरून विकत घेता येत नाही, हे राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी बैठकीत बोलून दाखवले तेव्हा यंत्रणा हलली. अधिकृत प्रमाणपत्राचा विशेष दर्जा प्रत्यक्ष गेला तो डिसेंबर २०२० मध्ये. नियम करताना त्याच्या कारणाचीही नोंद ठेवावी आणि कारण संपले की नियम आपोआप तपासणीला यावा, अशी तरतूद आपल्याकडेही विरळाच.

भारतात २००९ च्या शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक सूचना आणि नोव्हेंबर २०१० चे खुल्या मानकांचे धोरण, हे दोन दस्तऐवज योग्य दिशेचे होते. पण शासनाच्या धोरणापेक्षा जास्त बदल घडवला तो मोबाइलने. बहुतेक फोनवर एक्सप्लोरर नव्हताच.

मोबाइलच्या आरंभीच्या काळातील ऑपेरा मिनी हे मला आजही त्या युगाचे सर्वांत शहाणे अपत्य वाटते. ऑपेरा ही नॉर्वेची कंपनी. २००६ च्या सुमारास तिने साध्या फोनसाठी हा ब्राउझर जगभर दिला. पान आधी कंपनीच्या यंत्रावर उघडायचे, तिथे दाबून लहान करायचे आणि मग फोनवर धाडायचे. महागड्या टूजीवर याचे मोल फार. बहुतेक साध्या फोनवर देवनागरी फाँट नसे. ऑपेरा मिनीच्या एका आडवळणाच्या पानावर, पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' लिहिले की, जटिल लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय सापडे. तो चालू केला की मराठी मजकूर चित्रे होऊन येई आणि साडेतीन हजारांच्या फोनवरही स्वच्छ दिसे. ही युक्ती मराठी मंडळी एकमेकांना औषधी पाल्याच्या माहितीसारखी सांगत असत. यात धोका हा की तुमचे प्रत्येक पान मधल्या एका कंपनीच्या यंत्रातून जाते. त्याच तत्त्वावर लोकप्रिय झालेल्या, २०१४ पासून अलीबाबा समूहाच्या मालकीच्या यूसी ब्राउझरवर २९ जून २०२० रोजी भारत सरकारने इतर ५८ ॲप्सबरोबर बंदी घातली.

दरम्यान सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम आणला होता. तो वेगवान होता, प्रत्येक टॅब वेगळा चालवत असल्याने एक पान अडकले तरी बाकीची चालत, आणि तो गुणांवरच पुढे गेला हे मान्य केले पाहिजे. पण अँड्रॉइड फोनवर तो आला तो आधीच बसवलेला. १९९५ ची मांडणी पुन्हा जमली, फक्त दुकानदार वेगळा. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्या आदेशात अँड्रॉइडवर क्रोम आधीच बसवून देण्याचा मुद्दाही होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला. अमेरिकेत न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला शोधसेवेतील मक्तेदार ठरवले, पण सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकून टाकण्याची न्यायखात्याची मागणी मान्य केली नाही. इंटरनेट एक्सप्लोरर तर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. जुन्या कचेऱ्यांसाठी त्याचा आत्मा एज ब्राउझरच्या एका विशेष कप्प्यात अजून ठेवला आहे.

ब्राउझरच्या तुलनेत सहसा न येणारा एक रकाना मी मुद्दाम मांडतो. ब्राउझर कोणावर विश्वास ठेवतो? पत्त्याशेजारच्या कुलपामागे प्रमाणपत्र असते, आणि कोणाची प्रमाणपत्रे मानायची याची यादी ब्राउझर किंवा संगणकप्रणाली बनवणारी कंपनी ठेवते. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आले की आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्याच पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. आपल्या प्रमाणन नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, म्हणून विंडोजवरील एक्सप्लोरर आणि क्रोम यांना धोका होता. फायरफॉक्स स्वतःची यादी ठेवतो आणि तीत आपले नाव नव्हते, म्हणून त्याला धोका नव्हता. मधली प्रमाणपत्रे रद्द झाली आणि क्रोमने भारतीय प्रमाणपत्रांवरचा विश्वास मोजक्या भारतीय पत्त्यांपुरता मर्यादित केला. सार्वभौम देशाच्या सहीला किती किंमत द्यायची हे परदेशी कंपनीची यादी ठरवते, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. पण त्या वेळी त्या यादीचा निर्णय चुकीचा नव्हता, हेही तितकेच खरे.

ऑगस्ट २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली, तिच्या अटी या पार्श्वभूमीवर वाचाव्यात. भारतीय मूळ प्रमाणपत्र मानणारी स्वतःची यादी, भारतीय भाषांचा आधार, आणि टोकनमधील डिजिटल स्वाक्षरी ब्राउझरमध्येच करण्याची सोय. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. झोहोला पहिले, १ कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. पिंग आणि अज्ञा हे संघ त्यामागे. झोहोचा 'उला' ब्राउझर मी वापरून पाहिला, चांगला आहे. त्याच्या आतले इंजिन क्रोमियमचे, म्हणजे मुळात गूगलने वाढवलेले. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह यांचेही इंजिन तेच, 'ब्लिंक'. वेगळी इंजिने उरली ती दोन: फायरफॉक्सचे 'गेको' आणि ॲपलच्या सफारीचे 'वेबकिट'. त्यातही मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडूनच येतो, शोधयंत्र म्हणून त्याला पहिली जागा दिल्याबद्दल.

मला विचारणाऱ्यांना मी सध्या सांगतो ते असे. बँक आणि सरकारी कामासाठी एक ब्राउझर ठेवा, त्यात कोणतीही जोड बसवू नका आणि तो रोज अद्ययावत राहू द्या. वाचनासाठी दुसरा ठेवा. माझा वाचनाचा फायरफॉक्स आहे, कारण जाहिराती रोखणाऱ्या जोडींना त्यात अजून मोकळीक आहे आणि मला तिसऱ्या नाही तरी दुसऱ्या इंजिनाचा एक वापरणारा म्हणून मोजले जायचे आहे. कामाचा मात्र एज, कारण कार्यालयाने तो दिला आहे.

सध्या माझ्याकडे एका नव्या सेवाप्रणालीच्या निविदेचा मसुदा आला आहे. त्यात 'प्रणाली क्रोमच्या नवीनतम आवृत्तीत सुरळीत चालावी' अशी अट होती. ती खोडून मी समासात लिहिले आहे की चाचणी तिन्ही इंजिनांवर, पाच वर्षे जुन्या एका अँड्रॉइड फोनवर, आणि दृष्टिहीनांसाठीच्या वाचकयंत्रासह घ्यावी, आणि निकाल स्वीकृतीपत्राला जोडावा. वित्त विभागाने विचारले आहे की याने खर्च किती वाढेल. उत्तराचा आकडा काढण्याचे काम चालू आहे.